बीपी, रक्त, लघवी आणि ठरवून ठेवलेली गाडी

गेल्या आठवड्यात रात्री भाचीचा फोन आला. पुण्यात असते, नवराबायको दोघंही नोकरीला. "मावशी, पाळी चुकून बारा दिवस झाले. घरी तपासलं, दोन रेघा आल्या. आईलासुद्धा अजून सांगितलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून सवयीने निघालं, "शेवटची पाळी कधी आली होती? तारीख सांग."

पस्तीस वर्षं मी हा प्रश्न विचारलाय. १९८८ ला एएनएम म्हणजे उपकेंद्रावरची नर्स म्हणून लागले, २०२३ ला निवृत्त झाले. सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात, त्यातली बरीचशी पेठ तालुक्यातल्या उपकेंद्रांवर. पाड्यावरच्या बाया तारीख सांगत नसत. "आवणी चालू होती तेव्हा", "होळीच्या आधीच्या बाजाराला" असं सांगत. मग मी कॅलेंडर काढून बाजाराचा वार शोधायची. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. भाचीची मी फोनवरच काढून दिली.

अर्धा तास बोललो, तरी फोन ठेवल्यावर वाटलं की जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहिते. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी कोणाला उपयोग झाला तर त्यांच्यासाठीही.

बाळंतपणात बाई दगावली की घरचे म्हणतात, "अचानक झालं." मी जवळून पाहिलेल्या मरणांपैकी बरीचशी अचानक नव्हती. त्यांनी आधी निरोप धाडला होता, कधी आठ दिवस, कधी दोन महिने आधी. तो निरोप वाचायला लागतं काय, तर बीपीचं मशीन, रक्ताचा एक थेंब आणि लघवीची बाटली. एकच संकट असं आहे की जे कधीकधी खरोखर न सांगता येतं. ते म्हणजे बाळ झाल्यावरचा रक्तस्राव. त्याच्यासाठी आधीपासून एवढंच करता येतं की बाई त्या वेळी योग्य जागी असेल अशी सोय करायची.

१९९१ चा पावसाळा. माझं नोकरीचं तिसरं वर्ष. एक पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची, आठवा सरत आलेला. मी घरी गेले तर सासू कौतुकाने म्हणाली, "बाई, हिचं तोंड बघा कसं भरलं." पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला. डोकं दुखतं म्हणाली. तिचं बीपी बघायला हवं होतं. पण उपकेंद्रातलं मशीन दुरुस्तीला गेलेलं, तीन महिने झाले तरी परत आलेलं नव्हतं. मी म्हटलं, बुधवारी डॉक्टर येतात, तेव्हा ये. सोमवारी रात्री तिला झटके आले. घरच्यांना ते बाहेरचं वाटलं. रातोरात भगताकडे नेलं. माझ्यापर्यंत निरोप पोचला तेव्हा उजाडलं होतं. झोळी करून तिला सडकेपर्यंत आणलं, जीप मिळाली, सावळघाटात माझ्या मांडीवर डोकं असताना तिला पुन्हा झटका आला. नाशिकला पोचलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. पोटातलं बाळ आधीच गेलं होतं, ती दोन दिवसांनी गेली.

त्या मरणात भगताचा वाटा किती, घाटाचा किती, मशीनचा किती आणि माझा किती, याचा हिशेब मी कितीतरी रात्री मांडलाय. बुधवारपर्यंत थांब, असं म्हणणारी मीच होते.

त्यानंतर पगारातून पैसे साठवून मी स्वतःचं बीपीचं मशीन घेतलं आणि ते शेवटपर्यंत पिशवीत ठेवलं.

तर हे लक्षात ठेवायचं. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, तर ती टेन्शनने आलेली किरकोळ वाढ समजायची नाही. थोडा वेळ बसवून पुन्हा मोजायचं, लघवीत प्रथिनं जातात का ते बघायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. पावलांवर थोडी सूज पुष्कळ जणींना येते. पण तोंडावर, हातांवर सूज, बांगड्या घट्ट होणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली उजव्या बाजूला दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. सर्वांत वाईट गोष्ट ही की बीपी वाढलेल्या बाईला पुष्कळदा काहीच होत नसतं. ती धुणं धूत असते, ऑफिसात बसलेली असते. मोजल्याशिवाय ते कळत नाही.

पुढे आम्हा एएनएमनाही झटक्यांवरचं इंजेक्शन द्यायचं शिकवलं. मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल टोचायचं आणि मग मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. पहिल्यांदा ते एका बाईला दिलं आणि ती नाशिकहून बाळ घेऊन परत आली, त्या दिवशी मला १९९१ चीच बाई आठवत राहिली.

आता रक्त. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. सातच्या खाली असेल तर तो गंभीर पंडुरोग, त्याला गोळ्यांवर भागत नाही, दवाखान्यात भरतीच व्हावं लागतं. सुरुवातीला आमच्याकडे साहलीची काचेची नळी होती. रक्तात ॲसिड घालून, थेंब थेंब पाणी टाकत रंग जुळवायचा. पुढे मशीन आलं. पण कुठल्याही नळीच्या आधी मी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. जिथे लाल दिसायला हवं तिथे कागदासारखं पांढरं दिसलं की पोटात गोळा यायचा. कारण ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त नाही तिला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी ते झेपत नाही. दुसरी बाई ज्यातून उठून बसते, त्यातच ही जाते.

लोहाच्या गोळ्या फुकट मिळायच्या, अजूनही मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस, आणि बाळ झाल्यावर पुन्हा तेवढेच दिवस. मिळणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. एका घरी कणगीच्या मागे मला गोळ्यांची सहा पाकिटं सापडली होती, एकही फोडलेली नाही. मी चिडले, वाटेल तसं बोलले. मग ती हळूच म्हणाली, "बाई, खाल्ली की मळमळतं. आणि आत्या म्हणते बाळ मोठं होईल, मग सुटणार नाही." तिचं ऐकायच्या आधी मी ओरडले होते. त्यानंतर मी आधी विचारायला शिकले.

मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर तासाभराने, झोपताना घ्यायची. सोबत लिंबू किंवा आवळा चालतो. चहा मात्र गोळीच्या जवळपाससुद्धा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणाबरोबर, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर एक दुसरीला अडवते. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी देतात, तीही घ्यायची. बाळ मोठं होईल म्हणून पोटाला चिमटा घेणाऱ्या पुष्कळ बाया मी पाहिल्या. त्यांची बाळं दोन किलोची निघायची आणि पहिल्या महिन्यात आमची झोप उडवायची. अडीच किलोच्या खालचं बाळ हे कमी वजनाचं. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाशिवाय मधे आणखी एकदा पोटभर खायचं, एवढं पुरतं. नागलीची भाकरी, डाळ, हिरवी भाजी, चालत असेल तर अंडं. आदिवासी भागात २०१५ पासून अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळायला लागलं, त्याचा फरक मी वजनाच्या काट्यावर पाहिलाय.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. दिवाळी झाली की निम्मा पाडा द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरायचा. सातव्या महिन्याची बाई तिकडे गेली की तिचं काय झालं ते मला फाल्गुनातच कळायचं. म्हणून मी प्रत्येकीचं माता-बाल संरक्षण कार्ड दुधाच्या पिशवीत घालून द्यायची आणि सांगायची, पैसे हरवले तरी चालतील, हे हरवायचं नाही. ज्या दवाखान्यात जाशील तिथे आधी हे दाखव. शहरातल्या मुलींनाही हेच सांगेन. तुमची फाइल म्हणजे ते कार्ड. प्रवासाला जाताना ती बरोबर हवी. निदान तिचे फोटो नवऱ्याच्याही फोनमध्ये हवेत.

तपासण्या किती? सरकारी हिशेबाने कमीत कमी चार: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि शेवटची ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते आणि मला तेच बरोबर वाटतं, कारण बीपी दोन भेटींच्या मधेच वाढतं. खासगीत साधारण सातव्या महिन्यापर्यंत दर महिन्याला, मग पंधरा दिवसांनी आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला बोलावतात. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून. ती तारीख चुकवू नका.

फॉलिक ॲसिड खरं तर दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायला हवं. बाळाचा मज्जारज्जू इतक्या लवकर घडतो की आईला आपण गरोदर आहोत हे नीट कळेपर्यंत ते काम संपत आलेलं असतं. भाचीला म्हटलं, उशीर झाला असला तरी उद्यापासून सुरू कर. धनुर्वाताची इंजेक्शनं दोन, महिन्याच्या अंतराने. रक्तात साखर, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ बी, थायरॉइड हे बघून घ्यायचं. आमच्यासारख्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही. आणि रक्तगट, तोही पहिल्याच वेळी. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. तसं असलं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं, सातव्या महिन्यातही एक देतात. ते राहिलं तर त्रास पुढच्या बाळाला होतो. सोनोग्राफीत अठरा ते वीस आठवड्यांची महत्त्वाची, त्यात बाळाचे अवयव नीट दिसतात. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही आणि कोणी सांगायचंही नाही. तसा कायदाच आहे, १९९४ चा.

आता त्या न सांगता येणाऱ्या संकटाचं सांगते.

२००९ ची गोष्ट. चौथी खेप, पहिली तिन्ही बाळंतपणं घरी झालेली. या वेळी आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने, गळ घालून उपकेंद्रावर आणलं होतं. बीपी चांगलं, हिमोग्लोबिन साडेदहा, बाळाचं डोकं खाली. पहाटे चारला बाळ झालं, रडलं, वारही पूर्ण पडली. मी खाली पाहिलं तर चादर भिजत चाललेली. पोटावर हात ठेवला. बाळ झाल्यावर गर्भपिशवी कशी नारळासारखी कडक लागायला हवी. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ होती. पिशवी आवळायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलेलं होतंच, पुन्हा दिलं, सलाईन लावलं, लघवी काढली, आणि जीप येईपर्यंत पोटावरून पिशवी चोळत राहिले. जीपमध्येही चोळत होते. माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. ग्रामीण रुग्णालयात पोचलो, तिथून पुढे रक्त मिळालं, ती वाचली. तेच बाळंतपण घरात झालं असतं तर दोन तासांत खेळ संपला असता. असा रक्तस्राव त्याहून जास्त वेळ देत नाही.

त्या बाईच्या कार्डावर धोक्याची एकही लाल खूण नव्हती. म्हणूनच "माझ्या सासूचे सात घरीच झाले" असं कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही, ही गोष्ट सांगते. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन, इतकी साधी गोष्ट कितीतरी बाया वाचवते. तेच औषध बाळ व्हायच्या आधी, कळा वाढाव्यात म्हणून कोणी घरी येऊन टोचत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याने पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. तसा एक प्रकार मी पाहिलाय. त्याबद्दल लिहायला हात धजत नाही.

म्हणून गाडी आधी ठरवायची. आठव्या महिन्यात मी घरच्यांना गोल बसवून विचारायची: कुठल्या दवाखान्यात जाणार? रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर कोणाची गाडी? तो झोपलेला असला तर दुसरी कोणाची? घरी पुरुषमाणूस नसेल तर जायचं हे कोण ठरवणार? रक्त लागलं तर द्यायला कोण येईल? या शेवटच्या प्रश्नाला सगळे गप्प व्हायचे आणि मग कोणीतरी दीर हात वर करायचा. महाराष्ट्रात १०८ ची गाडी २०१४ ला आली, गरोदर बायकांसाठी १०२ आहे. त्याआधी आम्ही भाजीच्या टेम्पोतून बाया नेल्यात. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. दुर्गम पाड्यांवरच्या बायकांसाठी काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर आहे, तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायला. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जन्मांमागे १३० आया दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. हा आकडा मी वाचला तेव्हा मला अशी गोल बसलेली घरं आठवली.

शहरात सोसायटीखाली गाडी उभी असते, म्हणून हे प्रश्न सुटतात असं समजू नका. तुमचं हॉस्पिटल रात्री सिझेरियन करतं का? भूलतज्ज्ञ तिथे असतात की बोलवावे लागतात? रक्तपेढी किती लांब? हे आधी विचारा. विचारायला लाज कसली.

कळा सुरू झाल्यावरचं थोडक्यात सांगते. खोट्या कळा चाललं-पडलं की ओसरतात, खऱ्या ओसरत नाहीत. त्या जवळजवळ येत जातात आणि कमरेतून पुढे येतात. पाणमोट फुटली, अंगावरून लाल जायला लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट न बघता निघायचं. पहिलटकरणीला वेळ लागतो, बारा-चौदा तासही लागू शकतात, घाई करू नये. जवळ आपली एक बाई असावी. सरकारी प्रसूतिगृहातही आता तशी सोबत ठेवता येते. पोट वरून जोरात दाबू देऊ नका. आणि प्रसूतीच्या टेबलावर कोणी तुमच्यावर ओरडलं तर ते तुमचं चुकलं म्हणून नाही. मीही तरुणपणी, दमलेली असताना, कळा देणाऱ्या बायकांवर ओरडले आहे. त्यातल्या एकीने पुढच्या खेपेला माझ्याकडे यायचं टाळलं आणि ती घरीच बाळंत झाली. सुखरूप झाली, पण मला ते विसरता येत नाही.

बाळ झालं की ते आईच्या छातीवर, नाळ एक-दोन मिनिटं थांबून कापायची, आणि तासाभरात अंगावर पाजायचं. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा नाही. मध, साखरेचं पाणी, गुटी काही नको. आई आणि बाळ निदान ४८ तास दवाखान्यातच राहावेत, कारण रक्तस्राव आणि झटके दोन्ही या वेळातही येतात. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली आणि तिथून देशभर गेली. आशाताईला दारातून चहा देऊन पाठवू नका, बाळ उघडं करून दाखवा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं करा, मला ते आवडतं. फक्त खोलीत धूर कोंडू नका, आणि बाळंतिणीला ताप आला, घाण वासाचं जायला लागलं किंवा ती गप्प होऊन रडत बसली तर ते बाळंतपणाचंच दुखणं समजून डॉक्टरकडे न्या.

आज दुपारी भाचीचा मेसेज आला. पहिली तपासणी झाली. बीपी ११०/७०, लघवी स्वच्छ, हिमोग्लोबिन १०.८, रक्तगट ओ निगेटिव्ह. मी लगेच फोन लावला. "नवऱ्याचा कोणता?"

"माहीत नाही गं मावशी, कधी तपासलाच नाही."

उद्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो लॅबमध्ये जाणार आहे.